सिद्धेश्वरच्या काठावर दादाचे गळ

एकोणीसशे त्र्याण्णव किंवा चौऱ्याण्णवची दुपार असावी. वसमतला दादाच्या अंगणात आम्ही दोघं बहीणभाऊ समोरासमोर बसलो होतो आणि आमच्या मधे तंगुसाचा गुंता पडला होता. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. एकदा गुंतला की सोडवायला अख्खी दुपार जाते. वहिनी दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा तो निवला. आम्ही काय बोललो ते आठवत नाही, बहुधा काही बोललोच नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, दोरा सुटला, दादानं तो एका रिकाम्या डब्यावर गुंडाळला आणि मी उठून भाकरी टाकायला गेले. एवढंच. तरी त्या वर्षांतलं काय आठवतं असं कोणी विचारलं तर मला आधी ती दुपार आठवते.

त्या काळात वर्षातून दोन-तीनदा तरी आमचं कुटुंब सिद्धेश्वरला मासे धरायला जायचं. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. मी अकोल्याहून यायची, दादा शाळेला रजा टाकायचा, वहिनी भाकऱ्या बांधायची. वहिनी गेल्यावर ते थांबलं. दादा मात्र एकटा जात राहिला.

ह्या फेब्रुवारीत, म्हणजे २००८ मध्ये, मी पुन्हा गेले. निमित्त दादाच्या सुनेचा फोन.

"आत्याबाई, तुमी या एकदा," सुनंदा म्हणाली. "मामा दिवाळीत धरणावर दगडावरून घसरले. तिथल्या मारोतीनं उचलून एसटीत बसवून आणलं. गुडघा फुटला होता. आमाला सांगतात, सायकलवाल्यानं धक्का दिला म्हणून."

"डोळे दाखवले का?"

"मोतीबिंदू हाय म्हणतात, पिकला की काढू म्हणतात. दोन वर्सं झाली, पिकूनच राहिला." मग म्हणाली, "त्या गळाच्या छड्या तुमी काढून घ्या. आमचं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतात."

मी हो म्हटलं. दादा माझं ऐकतो हा घरात पसरलेला समज आहे आणि तो मी कधी खोडून काढला नाही.

अकोला–वाशिम–हिंगोली हा रस्ता एसटीनं साधारण चार तासांचा. सकाळची गाडी धरावी. कनेरगाव नाक्यावर गाडी चहाला थांबते. तिथल्या धाब्यावर शेवभाजी बरी मिळते, पण आधी कमी तिखट असं सांगावं आणि तरीही तिखट येईल हे धरून चालावं. हिंगोलीला गाडी बदलून औंढ्यावरून वसमत. ह्या टप्प्यात खिडकीशी बसावं. फेब्रुवारीत हळद निघालेली असते आणि शेताशेतात मोठ्या कढयांमध्ये ती शिजत असते. वसमत जवळ आल्याचं मला पाटीवरून नाही, वासावरून कळलं. मातीचा, ओला, थोडा कडवट वास. तो रुमालात राहतो आणि घरी आल्यावर दोन दिवस येत राहतो.

दादा स्टँडवर आला होता. मी त्याच्या उजव्या बाजूनं जाऊन उभी राहिले, तर तो समोरच्या गाडीकडे बघत राहिला. मी हाक मारल्यावर अख्खा वळला.

"आली व्हय? किती वाळलीस."

मी वाळलेली नाही. पण तो हे तीस वर्षं म्हणतोय.

आमच्या दोघांच्या बोलण्यात फरक का, असं मला नेहमी विचारतात, म्हणून सांगून टाकते. वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी होते. एका साहेबांच्या शब्दावर मला सिस्टरांच्या शाळेत वसतिगृहासकट जागा मिळाली. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला आणि पुढे तशाच शाळेत मास्तर झाला. वसतिगृहात दर शुक्रवारी मासे असायचे, उकडलेले, पांढरे, मीठ-मिरीचे. सिस्टर सांगायच्या, काटे असलेले मासे खाताना बोलायचं नाही. सुट्टीत घरी आले की दादानं धरलेले मासे आई काळ्या मसाल्यात करायची, आणि घरातले सगळे जेवताना एकदम बोलायचे. मी एकटी गप्प. त्यामुळे पाहुणे मला फार शहाणी समजत.

संध्याकाळी दादानं आमिष मळायला घेतलं. भुईमुगाची पेंड भाजून कुटलेली, कणीक, थोडा गूळ, बडीशेप. हे रोहू आणि कटल्यासाठी. गांडुळं चिलापीसाठी, ती पल्लवीनं मोरीमागे खणून काढली होती. पल्लवी दादाची नात, अकरा वर्षांची, दोन वेण्या आणि बोलणं थेट. आमिषाचे गोळे ताटात ठेवले होते. तिचा बाप विलास कामावरून आला आणि बोलता बोलता त्यातला एक तोंडात टाकून मोकळा झाला.

"लाडू जरा कोरडे झालेत आत्या."

"ते माशाचे आहेत," मी म्हटलं.

विलासनं चावणं थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. "मासे मजेत हाएत मंग."

सगळे हसले. सुनंदा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी कधी विषय काढते म्हणून. मी काढला नाही. म्हटलं, धरणावर काढू.

वसमतहून सिद्धेश्वरला जाताना आम्ही एक जीप दिवसभरासाठी ठरवली. भाडं साडेसातशे रुपये, डिझेलसकट. औंढ्यापर्यंत एसटी भरपूर आहेत, पण तिथून धरणापर्यंत त्या वेळेवर मिळतील असं धरू नये. सावली जवळजवळ नाही, छत्री न्यावी. पाणी दिसायला शांत आहे तरी लेकरांना उतरू देऊ नये, काठाचा गाळ फसवा आहे. आणि महत्त्वाचं, धरणातले मासे तिथल्या मासेमारांच्या संस्थेचे. घरी खाण्यापुरता गळ टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण विचारून बसायचं. विचारलं की जागाही तेच चांगली सांगतात.

आम्हाला जागा मारोतीनं दाखवली. तो तिथला मासेमार, दादाचा पंचवीस वर्षांचा दोस्त. काठावर जाळं सुकवत बसला होता.

"रामराम गुरुजी. आज फौज घेऊन आले."

"बहीण हाय माझी. अकोल्याची."

"म्हाईत हाय. त्या किड्याला हात लावत न्हाईत, त्याच ना?"

माझी कीर्ती एवढीच.

पाणी हिवाळ्यानंतरचं, थोडं मागे सरकलेलं. मधे दगडांचा उतार, मग गाळाची पट्टी, मग पाणी. पलीकडच्या काठावर झाडी नाही, नुसती पिवळी टेकडी. दादानं दोन छड्या बेचक्यांवर आडव्या लावल्या. पल्लवीच्या दोऱ्याला मोराच्या पिसाची काडी होती, ती पाण्यावर उभी राहते आणि मासा लागला की बुडते. दादाच्या दोऱ्याला काडी नव्हती. त्याच्या दोन्ही छड्यांच्या टोकाला त्यानं बैलाच्या गळ्यातल्या माळेतलं एकेक घुंगरू बांधलं होतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"काडीकडं बघून बघून मान दुखते."

हे उत्तर तयार ठेवलेलं होतं हे मला कळलं, कारण ते फार पटकन आलं.

पहिला मासा पल्लवीला लागला, तळहाताएवढी चिलापी. मग अर्धा-पाऊण तास काही नाही. गळ टाकून बसणं ज्यांना कंटाळवाणं वाटतं त्यांनी ह्या प्रवासाला येऊ नये. करण्यासारखं तिथं दुसरं काहीच नाही आणि मला तेच आवडतं. सुनंदा मागे तीन दगडांची चूल मांडत होती. विलास जीपच्या सावलीत पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला होता.

मग दादाचं डावीकडचं घुंगरू वाजलं. एकदा, आणि लगेच सलग. दादानं हात सरळ छडीवर नेला, चाचपडला नाही. मनगटाला एकच हिसका दिला आणि मासा लागला. नंतरची दहा मिनिटं मी फक्त त्याचे हात बघत होते. दोरा ताठ झाला की तो सोडायचा, सैल झाला की रिळावर घ्यायचा. डोळे मिटलेलेच होते म्हटलं तरी चालेल. मारोती पाण्यात उतरून मासा घेऊन आला, चांगला दोन-अडीच किलोचा कटला, डोकं मोठं, खवले राखाडी.

"गुरुजी, हात न्हाई सुटला तुमचा," मारोती म्हणाला.

मी सुनंदाकडे बघितलं. तीही बघत होती. त्या क्षणी छड्या काढून घे म्हणणं मला जमलं नसतं, आणि हे तिला कळलं असावं, कारण ती वळून पुन्हा कांदा चिरायला लागली.

अकराच्या सुमारास गोंधळ झाला. उजवं घुंगरू वाजलं, दादानं हिसका दिला, काही नाही. डावं वाजलं, हिसका, काही नाही. पुन्हा उजवं. दादा चिडला. "आमिष चाटून जाऊन राहिले लेकाचे." पुन्हा वाजलं, आता दोन्हीकडून, आणि तो एका छडीवरून दुसऱ्या छडीवर हात मारू लागला. तेवढ्यात आमच्या मागच्या उतारावरून शेळ्यांचा कळप खाली आला. गळ्यात घुंगरं. कळपामागे तांड्यावरची एक बाई होती, हातात काठी.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ए मास्तर! माझी शेळी गळाला लावतो का काय?"

पल्लवी लोळून हसली. विलास उठून बसला. दादाही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाई, एखादी लागली असती तर आमच्या पाच माणसांचं जेवण झालं असतं!"

"लागू तर दे आधी!" ती म्हणाली आणि शेळ्या हाकत पुढे गेली.

सगळे हसतच होते तेव्हा डावं घुंगरू खरंच वाजलं. दादा घाईनं उठला. छडी त्याच्या डावीकडे होती. त्यानं पाऊल समोर टाकलं, जिथं दगड संपत होता. मी जवळ होते म्हणून सदऱ्याची पाठ हातात आली. आम्ही दोघंही दगडावर आदळलो, माझं कोपर सोललं, त्याचा चष्मा गाळात गेला. छडी पाण्यात ओढली जाऊ लागली आणि पल्लवीनं ती धरली.

सुनंदा उभी राहिली, हातात सुरी तशीच. मारोती चष्मा शोधायला गाळात उतरला.

थोड्या वेळानं आम्ही दोघं तिथंच बसलो होतो. मी त्याला चहा दिला, मुद्दाम बाजूनं. त्याला कप दिसला नाही. समोर धरला तेव्हा दिसला.

"मोतीबिंदू नाही ना हा?"

"न्हाई. काचबिंदू." तो चहात फुंकर घालत म्हणाला. "नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं. नळीतून बघितल्यावानी दिसतं. समोरचं तेवढं बराबर. गेलेलं परत येत न्हाई, थेंब टाकून राहिलेलं टिकवायचं."

"घरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बांधून ठेवलं असतं. ओसरीवर बसवलं असतं. येणारा-जाणारा इचारणार, मास्तर मी कोण वळखा." त्यानं कप दगडावर ठेवला. "शकू, तुला सुनंदानं धाडलं ना? छड्या नेयाला."

मी हो म्हटलं. त्याच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

"ने मंग."

छड्या तिथंच होत्या, हाताच्या अंतरावर. मी उचलल्या नाहीत. काय करावं ते मला कळलं नाही, हे कबूल करते. माझा होकार अकोल्यात दिलेला होता आणि तो अकोल्यात सोपा होता.

जेवण मात्र फार चांगलं झालं. कटल्याचे तुकडे हळद-मीठ लावून ठेवले होते, ओली हळद ठेचून. कांदा-खोबरं चुलीत भाजून वाटलेलं, काळा मसाला, चिंचेचं पाणी. चिलाप्या नुसत्या तव्यावर. भाकऱ्या घरून आणलेल्या. मारोतीही आमच्यातच जेवला. मी सवयीनं गप्प होते, म्हणून मला दिसलं. सुनंदा दादाच्या शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. ती प्रत्येक तुकडा आधी आपल्या ताटात घेई, बोटांनी काटे काढी आणि मग तो दादाच्या ताटात सरकवी. न बोलता, न बघता, रोजचं काम असल्यासारखं. तिचं स्वतःचं जेवण तसंच पडलेलं.

"कटल्याला आता काटेच ऱ्हायले न्हाईत," दादा म्हणाला.

"धरणाचं पाणी बदललं," सुनंदा म्हणाली.

परतताना ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसली. पुढे दादा आणि पल्लवी. मी हळू आवाजात म्हटलं, "सुनंदा, मी नाही घेतल्या छड्या. मला जमलं नाही."

"दिसलं मला."

"त्याच्याकडे दुसरं काय आहे?"

"तुमी उद्या अकोल्याला जाताल, आत्याबाई." तिचा आवाज चढला नाही. "पुढच्या बारीला सदरा धरायला कोण हाय? मी शाळेत पोषण आहार शिजवते, हे कामावर, पोरगी शाळेत. मी रोज घरी येऊन आधी छड्या कोपऱ्यात हाएत का बघते, मंग चपला काढते. तुमाला वाटतं मी त्यांची मजा काढून घेऊन राहिले. मला काळजी झोपू देत न्हाई."

औंढ्याला चहा घेतला. पल्लवी येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे रंग आबाला सांगत होती आणि तो "बराबर, बराबर" म्हणत होता.

रात्री मुक्काम करून सकाळी मी निघाले. निघण्याआधी ओसरीवर दादाला एवढंच सांगितलं की सुनंदा तुझे काटे काढते.

"मला कळत न्हाई व्हय? जलमभर मासे खाल्ले मी."

"मग धरणावर काटेच राहिले नाहीत असं का म्हणालास?"

"ती लपवून करते. लपवू द्यावं." मग पायात चपला सरकवत, "कधीपासून काढून राहिली असंल ती, शकू?"

"मला नाही माहीत. मला कालच दिसलं."

"मला बी ध्यानात उशिराच आलं." एसटी येईपर्यंत आम्ही हळदीच्या भावाबद्दल बोललो.

अकोल्याला येऊन आता तीन आठवडे झाले. कोपराची खपली पडली. प्रवास म्हणून विचाराल तर हा सोपा प्रवास आहे, दोन मुक्काम पुरतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जावं. बघण्यासारखं म्हणाल तर पाणी, आणि त्याच्याकडे बघत बसलेली माणसं. आमच्या ह्यांनी विचारलं, काय आणलंस? मी पिशवीतून ओल्या हळदीचे चार कंद काढून दिले. बाकी जे आलं ते कसं सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही. सुनंदा जीपमध्ये बोलली ते शब्द सकाळी दार उघडताना आठवतात. आणि दादाचं "ने मंग". दोघांचंही खरं होतं. एकाचं खरं मानलं की दुसऱ्यावर अन्याय होतो, असं मला वाटत होतं. माझ्या शाळेत सगळं बरोबर किंवा चूक असायचं, लाल शाईनं.

परवा दादाचा फोन आला. पेन घे म्हणाला, मला आता ओळ सरळ येत नाही, तू लिही आणि पत्रानं घरच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे विलास सगळ्यांना वाचून दाखवील. मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं, मग चांगल्या कागदावर उतरवून पाठवलं. त्याच्या परवानगीनं इथंही देते, त्यानं सांगितलं तसंच.

"दोन्ही छड्या मारोतीला. त्याच्या खोपटात ऱ्हातील, घरी आणायच्या न्हाईत.

रीळ आणि तंगूस पल्लवीला. तिनं त्या दिवशी छडी सोडली न्हाई. शाळा बुडवून यायचं न्हाई.

विलासला काही न्हाई. त्यानं महिन्याचा एक रविवार धरणावर द्यायचा. पेपर घरी वाचायचा.

आमिष शकूनं मळायचं. वर्सातून एकदा तरी यावं लागंल. किड्याला हात लावायची गरज न्हाई.

डोळ्यात टाकायच्या काचबिंदूच्या थेंबांची बाटली आजपासून उघड्यावर, देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांच्या फोटोखाली. लपवायची न्हाई.

गळांची डबी सुनंदाला. तिच्या पेटीत, कुलपात. तिला इचारल्याबिगर कोणाला द्यायची न्हाई. मला बी."